आजचं जेवण यांच्याकडून

माझा सोळावा वाढदिवस आम्ही मोरूकाकाच्या निवासात साजरा केला, आणि तिथं मी असं भाषण दिलं की बावीस जणांनी एकाच वेळी टाळ्या वाजवल्या. एकाच वेळी म्हणजे अगदी एकाच वेळी. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, आपण बोललोच तसं.

मोरूकाका म्हणजे मोरेश्वर कळंबे, माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. वय एक्केचाळीस. डॉक्टरच्या कागदावर त्याच्याबद्दल बौद्धिक दिव्यांगता आणि ऑटिझम असं लिहिलेलं आहे. घरी आम्ही एवढंच म्हणायचो की मोरूचं थोडं वेगळं आहे. वरण भाताला लागलं तर तो ताटावरून उठायचा. कोणी न विचारता हात लावला तर ओरडायचा, आणि त्याचा ओरडा तीन घरं पलीकडं जायचा. आनंद झाला की घशातून एक सूर काढायचा, मोटार सुरू होताना जसा येतो तसा. आणि त्याचा आवडता शब्द होता "नाई".

आमच्या शेजारच्या अंबाबाईंना त्याची फार गंमत वाटायची.

"मोरू, लगन करतं का?"

"नाई."

"मोरू, आमदार होतं का?"

"नाई."

"मोरू, तुले सोन्याची अंगठी देतो, घेतं का?"

"नाई."

"याच्यासारखा मानूस नाई पांढुर्ण्यात," अंबाबाई म्हणायच्या. "कोनी इकत घेऊच शकत नाई याले."

बाबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी येतात, आतली जुनी तार काढून नवी भरायची. जुनी तार काढायचं काम मोरूकाकाचं. पक्कड घेऊन तो दिवसभर काळी पडलेली तार खेचत बसायचा. एखादा शेतकरी घाई करायला लागला की बाबा म्हणायचे, "मले नोको सांगू, त्याले सांग." शेतकरी त्याला सांगायचा आणि मोरूकाका मान वर न करता म्हणायचा, "नाई."

मी पाचवीत जाईपर्यंत माझं दप्तर त्यानंच शाळेपर्यंत नेलं. पोट्टे त्याला चिडवायचे आणि मला त्याची लाज वाटायची, म्हणून मी दहा पावलं पुढं चालायची. तो मला कधीच गाठायचा नाही आणि कधीच मागंही पडायचा नाही.

त्याचं सगळं आईनं केलं. आंघोळ, नखं, दाढी, जेवण. आई लग्न होऊन आली तेव्हापासून तो तिला "वैनी" म्हणून हाक मारतो, आणि वैनीनं वाढलं तरच जेवतो. मग मागच्या दिवाळीच्या आधी आईच्या कमरेतली गादी सरकली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, उचलायचं नाही. मोरूकाकाचं वजन ऐंशी किलो, आणि मनात आलं की तो रस्त्यात मांडी घालून बसायचा. त्याला उठवता उठवता आई दोनदा पडली.

बाबांनी चौकशी केली. सौसरच्या पुढं, लोधीखेड्याच्या रस्त्यावर, अशा मोठ्या वयाच्या माणसांसाठी एक निवास होता. पांढऱ्या फरशा, अंगणात तुळस, भिंतीवर मोरपंखी रंग. मोरूकाका जाताना फाटकाला धरून "नाई, नाई, नाई" म्हणत होता. आम्ही मागं न पाहता निघालो, कारण उषाताईंनी तसं सांगितलं होतं. उषाताई तिथल्या मुख्य. "मागं पाहिलं की जास्त रडतात," असं त्या म्हणाल्या होत्या.

तिथं भेटीचा दिवस महिन्याचा पहिला रविवार, समोरच्या हॉलमध्ये, अर्धा तास. याशिवाय आमच्याकडं आता पडलेली एक रीत होतीच. घरात कोणाचा वाढदिवस असो, लग्नाचा वाढदिवस असो, आजोबांची तिथी असो, लोक निवासात फोन करून त्या दिवसाचं जेवण आपल्या नावावर बुक करतात. त्या दिवशी फळ्यावर नाव लिहितात. सगळे रांगेत बसतात, ताटं वाढली जातात आणि एक बाई मोठ्यानं हिंदीत सांगते, "आज का भोजन अमुक परिवार की ओर से." सगळे हात जोडतात. फोटो निघतो. मग जेवण.

माझं बोलणं तेव्हा नुकतंच फुटलं होतं. आमच्या प्रज्ञा मॅडमनी मला जबरदस्तीनं वादविवाद स्पर्धेत उभं केलं आणि मी जिल्ह्यात दुसरी आले. तोवर मी हजेरीसुद्धा हळू आवाजात द्यायची. त्यानंतर कुठंही माइक दिसला की माझे हात शिवशिवायला लागले. त्यामुळं जुलैमध्ये माझ्या वाढदिवसाला जेवण बुक करायचं ठरलं तेव्हा मी चार दिवस भाषण पाठ केलं.

मी म्हणाले की इथली शिस्त पाहून आम्हा शाळेतल्या मुलांना लाज वाटली पाहिजे. माझे काका घरी एक मिनिट शांत बसत नव्हते, आज पाहा. सगळ्यांनी पाहिलं. मोरूकाका रांगेत चौथा बसला होता. डोकं भादरलेलं, पाठ ताठ, हात जोडलेले. मी त्याच्यासमोर वाकून "काका, ओळखलं का?" म्हटलं तेव्हा त्यानं माझ्या हातातल्या मोबाइलकडं पाहिलं.

निवासवाल्यांनी माझ्या भाषणाचा व्हिडिओ टाकला. दोन दिवस माझा मोबाइल वाजत होता.

मग पोळा आला. पोळा शुक्रवारी होता, शनिवारी आमच्याकडची गोटमार, जाम नदीच्या दोन काठांवरून दोन गावांनी एकमेकांवर दगड मारायची जत्रा. उषाताईंनी तीन दिवसांची सुट्टी दिली. रविवारी चार वाजेपर्यंत परत आणायचं, कारण बाहेर नावं लागलेली आहेत, नाही आला तर जागा दुसऱ्याला जाईल, असं त्यांनी बाबांना दोनदा सांगितलं.

शुक्रवारी दुपारी मोरूकाका घरी आला. आई पट्टा बांधून, उभ्यानं का होईना, पुरणपोळ्या करत होती. तिनं ताट वाढलं, वरण आणि भाताच्या मधे चार बोटं जागा सोडून. मोरूकाका बसला. हात जोडले आणि बसून राहिला.

"जेव ना रे मोरू," आई म्हणाली.

"हाँजी," मोरूकाका म्हणाला. आणि जेवला नाही.

आई माझ्याकडं पाहायला लागली. आमच्या घरात मोरूकाका हिंदी कधीच बोलला नव्हता.

"काहून नाई जेवत? तूप पाह्यजे का?"

"हाँजी."

तूप घातलं. तो हात जोडून बसला. पुरणपोळीवरचं तूप थिजलं तरी बसला.

"रुसला असंन," बाबा म्हणाले. "दहा महिने ठेवलं ना आपन. ये म्हनलं तं लगेच थोडी उतरनार हाय राग. राहू दे."

सायंकाळी अंबाबाई बैलांना ओवाळून परत जाताना डोकावल्या. "काय शांत झाला गा हा. पहिले बोंबलत होता दिवसभर. सुधारला, बाप्पा. मोरू, लगन करतं का?"

"हाँजी."

अंबाबाई हसल्या. मग हसणं अर्ध्यात थांबवून पदर सावरत निघून गेल्या.

रात्रीही तो जेवला नाही. सकाळी चहा समोर ठेवला, त्यालाही हात लावला नाही. पाणी मात्र सांगितलं की प्यायचा. आई त्याचा शर्ट बदलायला गेली तर तो शर्ट त्याचा नव्हताच. कॉलरच्या आत काळ्या शाईनं चौदा आकडा लिहिलेला होता.

शनिवारी गोटमार. आमच्या घरापासून जाम नदी दोन गल्ल्यांवर आहे, त्यामुळं ढोल, लोकांचा आरडाओरडा, गाड्यांचे भोंगे, सगळं घरात येतं. दरवर्षी त्या दिवशी आई मोरूकाकाच्या कानांत कापूस घालायची, खिडक्या लावायची, तरी तो दिवाणाखाली शिरून संध्याकाळपर्यंत बाहेर यायचा नाही. यंदा तो भिंतीला पाठ लावून बसला आणि हलला नाही.

"पहा," बाबा म्हणाले. "सवय झाली."

"सवय नाई झाली," आई म्हणाली. "त्याची छाती पहा कशी उडून राहिली."

बाबांनी पाहिलं. मीही पाहिलं. मोरूकाकाचा चेहरा दगडासारखा होता आणि शर्टाच्या आत त्याची छाती धाडधाड उडत होती.

दुपारी आईनं तिसऱ्यांदा ताट वाढलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. "तीन दिवस असाच राहिला तर मरून जाईल हा. डॉक्टरले बोलवा."

मोरूकाका ताटासमोर हात जोडून बसला होता, नजर दाराकडं. तो कोणाची तरी वाट पाहत होता. आणि मला एकदम जुलैमधली ती रांग आठवली. मी खुर्चीवर बसून पाहिलेली रांग. मला वाटलं, असं नसणार. असं कसं असेल. तरी मी उभी राहिले आणि त्या बाईसारख्याच आवाजात म्हणाले, "आज का भोजन श्री गजेंद्र कळंबे परिवार की ओर से."

मोरूकाकाची पाठ ताठ झाली. हात छातीपर्यंत वर आले. त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं. माझ्या हातात मोबाइल होता.

मी फोटो काढला. खट्ट आवाज आला, आणि मोरूकाका जेवायला लागला.

तो असा जेवला की मला पाहवेना. वरण, भात, भाजी सगळं एकात कालवून, मान खाली घालून, कोणी ताट ओढून नेईल अशा घाईनं. आईनं आणखी पोळी वाढली, ती पण गेली. मग तो उठला, मोरीवर ताट घासलं, उपडं घातलं आणि भिंतीशी जाऊन बसला.

बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"माझ्या नावानं?" ते म्हणाले. "माझा भाऊ माझ्या घरात, माझ्या नावाचं दान म्हनून जेवून राहिला?"

आई म्हणाली, "मी याले उद्या नाई पाठवत."

"आनि तुझी कंबर?"

"कमरेचं पाहू."

"काय पाहू? तू पडली तं मी दुकान पाहू का तुले पाहू का त्याले पाहू? शिवानीची बोर्डाची परीक्षा हाय. उद्या चार वाजता जागा गेली तं परत भेटत नाई, पूनम. दुसरा निवास थेट नागपूरले."

"तं त्याले इचारा," आई म्हणाली. "त्याले जायचं हाय का नाई ते त्याले इचारा."

ते काम माझ्यावर आलं. मी मोरूकाकासमोर मांडी घालून बसले. मोठमोठ्या लोकांसमोर न घाबरणारी मी, तो एक प्रश्न मनात दोनदा जुळवून पाहिला.

"काका, उद्या निवासात जायचं का?"

"हाँजी."

बाबांनी आईकडं पाहिलं. मी थांबले नाही. "काका, घरीच राहायचं का?"

"हाँजी."

"काका, तुला नाही जायचं ना तिकडं?"

"हाँजी."

"काका, नाही म्हण. एकदा नाही म्हण ना."

"हाँजी," मोरूकाका म्हणाला, आणि मी रागावले की काय हे पाहण्यासाठी माझ्या हातांकडं पाहिलं.

रविवारी सकाळी बाबा मोटरसायकल काढून म्हणाले, "चाल. न सांगता जाऊ." मोरूकाकाजवळ आई थांबली.

पोळा आणि गोटमार झाल्यावर लोकांचे खिसे रिकामे असतात, त्यामुळं फळ्यावर कोणाचंच नाव नव्हतं. फक्त "आज : खाली", म्हणजे रिकामा, असं लिहिलं होतं. दार उघडणाऱ्या बाईनं मला ओळखलं, म्हणूनच बहुतेक आम्हाला आत सोडलं. आम्ही हॉल ओलांडून सरळ मागं गेलो. दहा महिन्यांत आम्ही हॉलच्या पलीकडं कधी गेलोच नव्हतो. कोणी अडवलं नव्हतं. आम्ही आत पाहायला मागितलंच नव्हतं.

मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. आत लांबलचक भिंत, भिंतीवर रंगानं काढलेले आकडे आणि प्रत्येक आकड्याखाली एक माणूस. टीव्ही सुरू होता, त्याच्याकडं कोणी पाहत नव्हतं. कोपऱ्यात धुतलेल्या कपड्यांचा एक मोठा ढीग, मुळात कोणाचेही असोत, ज्याचा आकडा टाकला त्यानं घालायचे. सातव्या आकड्याखालच्या म्हाताऱ्याच्या अंगात मोरूकाकाचा निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. त्याचा खिसा आईनं वेगळ्या दोऱ्यानं शिवला होता. एक तरुण माणूस मागं-पुढं झुलत होता. बाई म्हणाली, "नौ नंबर, सीधे बैठो," आणि तो बंद केलेल्या पंख्यासारखा हळूहळू थांबला. चौदा आकड्याखालची जागा रिकामी होती. भिंतीवर तिथं डोक्याच्या तेलाचा गोल डाग पडला होता.

कोणाला मार लागल्याचं दिसत नव्हतं. फरशी स्वच्छ होती. फिनाइलचा वास येत होता. मला वाटलं होतं काही भयंकर दिसेल, मग मी ओरडेन, मग सगळं बदलेल. तसं काही दिसलं नाही.

उषाताई गुडघ्यावर हात ठेवत आल्या. पन्नाशीच्या, डोळ्यांखाली काळं. "गजेंद्रभाऊ, फोन तरी करायचा."

"मोरू घरी जेवला नाई," बाबा म्हणाले. "फोटो काढला तेव्हा जेवला."

उषाताई भिंतीला टेकल्या. "फोटो निघायच्या आधी कोणी ताटात हात घातला की दान देणारे नाराज होतात. आम्ही हात घालणाऱ्याचं ताट थोडा वेळ बाजूला ठेवतो. मारत नाही. माझ्या इथं कोणी कोणाला मारत नाही, तुम्ही कोणालाही विचारा."

"आज तं कोनाचं नाव नाई फळ्यावर."

"तरी फोटो काढतो. ग्रुपवर टाकावा लागतो, दिवस खाली आहे म्हणून. मग कोणाला तरी दया येते."

"तो कोनतीही गोष्ट इचारली तं हो म्हनते, ताई. पहिले नाई म्हनत होता."

"भाऊ," उषाताई म्हणाल्या, "दोन बाया आहेत आणि बावीस माणसं. नाही म्हणणारे बावीस जण तुम्ही एक दिवस सांभाळून दाखवा. मी या जागी सहा वर्षं झोपते. पोळ्याला माझ्या घरी मी पण नव्हते." मग माझ्याकडं पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही लोक येता, केक कापता, यांची शिस्त पाहून खूश होता. आणखी एक बाई ठेवा असं कोणी म्हणत नाही. हिच्या व्हिडिओनंतर चार घरांचे फोन आले. एक जण तर बाहेर बसले आहेत."

हॉलमधल्या बाकावर एक ताई बसली होती आणि तिच्याजवळ तिशीचा एक माणूस, दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरून. तो प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला आपलं नाव सांगत होता. "मी संदीप. मी लोधीखेड्याचा. तू कोन?"

"मी शिवानी," मी म्हणाले.

"शिवानी चांगली हाय," त्यानं बहिणीला सांगितलं.

ताई उभी राहिली. "तू तेच ना, भाषणवाली? मी गायत्री. तुझा व्हिडिओ पाहूनच आलो आम्ही. आई गेली मागच्या महिन्यात. मी सासरी, तिथं याले ठेवू देत नाई." मग तिनं माझा हात धरला. "चांगलं हाय ना व इथं? तुझे काका राहतात म्हणून विचारून राहिले."

"ताई," मी म्हणाले, "मी फक्त हा हॉल पाहिला होता तेव्हा. मागं गेलेच नव्हते."

"मंग?"

मी तिला सांगितलं. कडी, आकडे, फोटो, ताट. माझ्याकडं एकही पाठ केलेलं वाक्य नव्हतं, त्यामुळं सगळं तुटक तुटक बाहेर आलं. गायत्रीताई ऐकत होती आणि भावाच्या शर्टाची कॉलर सारखी करत होती.

"मारत तं नाई ना?" तिनं शेवटी विचारलं.

"नाही."

"दोन टाइम जेवायला भेटते ना?"

"हो."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि खाली बसली. "माझ्या घरी मारतात."

संदीपनं माझी बाही ओढली. "तू परत येशीन का? आली तं मले सांग."

परतताना सावरगावच्या अलीकडं बाबांनी गाडी बाजूला घेतली. उतरले, दोन्ही हात कमरेवर ठेवून शेताकडं तोंड करून उभे राहिले. कपाशी गुडघ्यापर्यंत आली होती.

"अठरा वर्षं तुझ्या आईनं केलं," ते म्हणाले. "मी एकदा त्याले आंघोळ नाई घातली. एकदा नखं नाई काढली. आपल्यात हे काम बाईचंच, कोनी म्हनतलं पन नाई मले. मी म्हनत होतो, माझं लक्ष हाय त्याच्यावर."

मी गाडीवरून उतरून त्यांच्या शेजारी गेले.

"त्याले तिकडं ठेवलं कारन वैनीची कंबर गेली. भावाची कंबर तं धड होती."

त्यांनी तिथंच उभ्या उभ्या उषाताईंना फोन लावला. एवढंच म्हणाले की आमची जागा त्या लोधीखेड्याच्या पोराला द्या. मग थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "हो. मालूम हाय. परत मागनार नाई."

मला खूप आनंद व्हायला हवा होता. मोरूकाका घरी राहणार होता, आणि मला बाकावरचा संदीप दिसत होता, पिशवी धरून, प्रत्येकाला आपलं नाव सांगताना. ते सांगायचं तो किती दिवसांत विसरेल, हे मी मोजायला लागले आणि मग थांबले.

घरी आलो तेव्हा चारला थोडा वेळ होता. चार वाजता मोरूकाका आपणहून उठला, पिशवी घेतली आणि दारात जाऊन उभा राहिला. आई म्हणाली, "जायचं नाई आता, मोरू. कधीच नाई." तो "हाँजी" म्हणाला. बाबांनी पिशवी हातातून घेतली, ती त्यानं दिली. पण दारातून तो हलला नाही. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. दिवे लागले तरी तो फाटकाकडं तोंड करून उभाच होता. शेवटी बाबा म्हणाले, "बैठो," आणि तो जिथं होता तिथं खाली बसला.

सोमवारी सकाळी बाबांनी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं आणि मोरूकाकाला न्हाणीत नेलं. दार उघडंच होतं. मी शाळेसाठी वेणी घालत होते. आई पलंगावरून सांगत होती, "आधी पायावर घाला. मंग खांद्यावर. डोक्यावर एकदम नोका घालू."

"मालूम हाय मले," बाबा म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. बादलीत त्यांनी गिझरचं पाणी सोडलं होतं.

"मोरू, पानी बरोबर हाय का?"

"हाँजी."

"गरम तं नाई होऊन राहिलं?"

"हाँजी."

"का गरम हाय?"

"हाँजी."

तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, तीनदा. मग एकदम काहीच आवाज येईना.

मी धावत गेले. मोरूकाका पाटावर ताठ बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. खांद्यापासून कमरेपर्यंत पाठ लालबुंद झाली होती. बादलीतून वाफ येत होती. त्याचा चेहरा तसाच दगडासारखा आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यानं तोंडातून आवाज काढला नव्हता. बाबांनी बादलीत हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

ते आपल्या दुकानाच्या पँटसकट ओल्या फरशीवर बसले. "मोरू," ते म्हणाले, "भाऊ, नाई म्हन. ओरड माझ्यावर. एकदा नाई म्हन, बाप्पा."

मोरूकाकानं त्यांच्या हातातल्या तांब्याकडं पाहिलं. "हाँजी," तो म्हणाला.

आई भिंत धरत धरत दारापर्यंत आली होती. "थंड पानी घे, शिवानी," ती म्हणाली. "हळू हळू घाल. घासू नोको."

मी नळाखालून तांब्या भरला. पाणी आधी माझ्या मनगटावर घेतलं, मग त्याच्या खांद्यावर सोडलं. पाठीचं कातडं थरथरलं. दुसरा तांब्या भरला, मनगटावर घेतला, सोडला. त्याला मी काहीच विचारलं नाही. बाबा खाली बसून प्रत्येक तांब्याला माझं मनगट पाहत होते. पाच-सहा तांबे झाल्यावर त्यांनी हात पुढं केला, माझ्याकडून तांब्या घेतला आणि पाणी आधी आपल्या मनगटावर ओतलं.